वाटाड्याचा धर्म

चित्रकलेच्या तासाला मुलांना ‘देखावा काढा’ असे सांगितले, की चाळीस वह्यांत चाळीस वेळा एकच चित्र उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा अर्धा सूर्य, काठ्यांसारखे त्याचे सरळ किरण, खाली वळत येणारी नदी, एक झोपडी आणि एक नारळाचे झाड. गेली वीस-बावीस वर्षे मी हे चित्र तपासत आलो आहे. आमचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, आणि शाळेच्या व्हरांड्यातून जे डोंगर दिसतात त्यांतला एकही त्रिकोणी नाही. काळ्या दगडाचे थरावर थर, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले, आणि वर सपाट माथा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उतू गेला आणि थराथरांनी थिजला, त्याचे हे रूप. मुले हे डोंगर रोज पाहतात, रविवारी चढूनही येतात. पण कागद समोर आला की त्रिकोणच काढतात. मी सुरुवातीला रागवत असे. पुढे रागवणे सोडले.

तो त्रिकोणी डोंगर मी प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहिला तो जावा बेटावर, २०२४ सालच्या मे महिन्यात. आणि ज्या घटकेला पाहायला गेलो होतो त्या घटकेला मात्र तो पाहिला नाही. त्याची हकीकत मी सांगणार आहे. पण नुसते प्रवासवर्णन लिहायचे असते तर मी हे लिहिले नसते, कारण जे मला दिसले नाही त्याचे वर्णन मी काय करणार? त्या पहाटे एका जीपगाडीत एक प्रश्न माझ्यापुढे येऊन बसला आणि तो अजून उठून गेलेला नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने, ज्याने पैसे मोजले आहेत त्याच्यापुढे, कुठवर वाकावे? आणि वाकला तर होणाऱ्या चुकीचा धनी कोण?

माझी थोरली बहीण आणि दाजी सुरबायाला असतात. दाजी तिथल्या एका कापडगिरणीत गेली बारा-तेरा वर्षे नोकरीला आहेत. “एकदा येऊन तरी जा” असे ताईचे दर दिवाळीला टुमणे असे, आणि दर दिवाळीला मी पुढच्या वर्षाचा वायदा करीत असे. मॅट्रिक आणि त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका, एवढ्या शिदोरीवर जगणाऱ्या माणसाला विमानाचे तिकीट ही काही सहज घडणारी गोष्ट नव्हे. शेवटी दोन कादंबऱ्यांचे साठलेले मानधन हातात आले (साठलेले म्हणजे प्रकाशकाकडे साठलेले, माझ्याकडे काहीच साठत नाही) आणि मी मे महिन्याच्या सुटीत निघालो. ब्रोमोचा सूर्योदय पाहायचा, हे मी इथूनच ठरवून गेलो होतो. चित्रकला शिकवणाऱ्याने डोंगरामागून उगवणारा सूर्य एकदा तरी खराखुरा पाहिला पाहिजे, असे मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगूनही बसलो होतो.

पूर्व जावात तेंगेर नावाचे एक फार जुने आणि फार मोठे ज्वालामुखीचे कुंड आहे. मूळचा पर्वत केव्हाच कोसळून गेला. उरली ती उंच कड्यांची कडा आणि मध्ये सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा खळगा. खळग्याच्या तळाशी करडी, राखेसारखी वाळू पसरलेली आहे. तिला तिथले लोक वाळूचा समुद्रच म्हणतात. जुने नाव ‘सगारा वडी’. त्यातला सगारा म्हणजे आपलाच सागर. या वाळूच्या मधोमध नवे डोंगर उगवले आहेत. २,३२९ मीटर उंचीचा ब्रोमो हा त्यांतला जागा असलेला, सदा धूर सोडणारा. त्याला खेटून बातोक, छत्रीच्या काड्यांसारख्या पन्हळी पडलेला. आणि या सर्वांच्या मागे, दक्षिणेला, ३,६७६ मीटरचा सेमेरू, जावातला सर्वांत उंच पर्वत. ब्रोमो म्हणजे ब्रह्मा आणि सेमेरू म्हणजे सुमेरू, हे कळायला आपल्याला कोश लागत नाही. कड्यावरच्या खेड्यांतून राहणारे तेंगेर लोक अजून हिंदू आहेत, कोबी-बटाटे-कांदापात पिकवतात, आणि डोंगराच्या तीव्र उतारावर अशी काही शेती करतात की उभे राहून निंदणी करताना माणूस खाली कसा घसरत नाही याचे आपल्याला आश्चर्य वाटावे.

आम्ही चौघे होतो: ताई, दाजी, भाचा आणि मी. कड्यावरच्या चेमोरो लावांग या गावी मुक्काम केला. आपली मोटार खाली वाळूत नेता येत नाही; तिथल्याच लोकांच्या जीपगाड्या घ्याव्या लागतात. जीप म्हणायचे इतकेच. बहुतेक गाड्या म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या टोयोटा लँड क्रूझर, आणि त्यांना तिथे सगळे ‘हार्डटॉप’ म्हणतात. भाड्याचा आकडा लाखांत ऐकून मी दचकलो. दाजींनी तो रुपियातून रुपयांत उतरवून दिल्यावर जिवात जीव आला. मुक्कामाच्या ठिकाणी आम्हाला एक छापील कागद मिळाला: पहाटे ३ वाजता प्रस्थान, पनांजाकान येथून सूर्योदय, नंतर वाळूचा समुद्र, नंतर ब्रोमोचे मुख. पनांजाकान हे कड्यावरचे सर्वांत उंच ठिकाण, २,७७० मीटर. तो कागद मी घडी करून खिशात ठेवला. आता वाटते, ठेवला नसता तर बरे झाले असते.

पहाटे तीनला दारात हार्डटॉप घरघरत उभी होती. ड्रायव्हर माझ्याच वयाचा, अंगाभोवती लुंगीसारखे वस्त्र शालीगत गुंडाळलेला तेंगेर गृहस्थ. थंडी अशी की ताईने दिलेला स्वेटर, वर भाड्याने घेतलेला कोट, वर मफलर, एवढे असून माझे दात वाजत होते. मला पुढच्या जागी बसवले. समोरच्या उन्हाच्या झडपेत एक कागद खोचलेला होता. विजेरीच्या उजेडात पाहतो तर दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली वळत येणारा रस्ता! झोपडीच्या जागी तेवढी भातखाचरे. मी मोठ्याने हसलो. त्याची मुलगी तिसरीत आहे, तिने काढलेले. दाजींनी सांगितले की या देशातली झाडून सारी मुले ‘देखावा’ म्हटला की हेच चित्र काढतात. मला एकाएकी घरी आल्यासारखे वाटले.

मी का हसलो हे ड्रायव्हरला समजेना, म्हणून दाजींनी माझा धंदा सांगितला. “गुरु,” ते म्हणाले. इंडोनेशियात शाळामास्तराला गुरुच म्हणतात. त्यात आपल्याकडचे मठ-मंदिर काही नाही. पण तो शब्द ऐकताच तो माणूस जरा सावरून बसला आणि माझ्याकडे पाहून त्याने मान लववली. त्यानंतर तो मला दर वाक्याला ‘पाक’ म्हणू लागला. पाक म्हणजे बापाक; वडीलधाऱ्याला म्हणतात.

कड्यावरून गाडी खाली वाळूत उतरली. त्या अंधारातल्या प्रवासाविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण मी थोडक्यात उरकतो. रस्ता म्हणून काही नव्हताच. दिव्यांच्या उजेडात पुढच्या गाडीने उडवलेली राख आणि धुके यांचा एक भिंतीसारखा पडदा. मागे-पुढे, डावी-उजवीकडे इतर गाड्यांचे दिवे समुद्रातल्या मचव्यांसारखे हेलकावत होते. कुठे वळायचे हे त्याला कशावरून समजत होते कोण जाणे. मी डोळे फाडून पाहत होतो आणि मला काहीसुद्धा दिसत नव्हते. अशा वेळी माणूस शेजारी बसलेल्याच्या हातांकडे पाहत राहतो. ते हात निवांत होते. वाळू संपली, समोरच्या कड्याचा घाट सुरू झाला, वळणावर वळणे घेत गाडी चढू लागली.

अर्ध्याअधिक घाटात एका ठिकाणी त्याने गाडी कडेला घेतली. तिथे आधीच दहा-पंधरा गाड्या थांबलेल्या होत्या. त्याने काच खाली करून हात बाहेर काढला, बोटे एकमेकांवर चोळली, वर अंधारात पाहिले आणि दाजींना काही सांगितले.

“मास्तर,” दाजी मला थट्टेने मास्तर म्हणतात, “तो म्हणतोय, वर आज धुकं बसलंय. इथंच उतरा. इथनं दिसेल.”

“हे पनांजाकान?”

“नव्हे. ही खालची टेकडी. बुकित चिंता म्हणतात.”

मी खिशातून कागद काढला. कागदावर पनांजाकान लिहिले होते. “दाजी, हजारो मैल येऊन खालच्या पायरीवरनं दर्शन घ्यायचं का? वर जायचे पैसे दिलेत ना आपण? त्याला पेट्रोल वाचवायचं असेल.”

ताई मागून म्हणाली, “अरे, तो इथला माणूस आहे. त्याला कळत असेल.” मी म्हणालो, “कळतं सगळ्यांनाच.”

दाजींनी माझे म्हणणे पुष्कळ सौम्य करून त्याला सांगितले असणार. पण आवाजाला दुभाषी लागत नाही. त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “तेरसेराह, पाक.” आणि गाडी सुरू केली.

तेरसेराह म्हणजे ‘तुमची मर्जी’. त्यातला ‘सेराह’ म्हणजे सोपवणे, स्वाधीन करणे. हे दाजींनी मला नंतर सांगितले. आणखी एक गोष्टही नंतरच कळली. ‘चिंता’ हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला आहे, पण तिथे त्याचा अर्थ प्रेम असा होतो. एका भाषेतली काळजी दुसरीकडे जाऊन प्रेम कशी झाली, की मुळात दोन्ही एकच होती? पंडितांनी ठरवावे. मी ती टेकडी मागे टाकून वर गेलो, एवढे खरे.

पनांजाकानवर तीन-चारशे माणसे होती, आणि धुके होते. धुके म्हणजे दूर कुठे तरी पसरलेले, रम्य वगैरे नव्हे. आम्ही त्याच्या पोटात उभे होतो. कठड्यापलीकडे हातभर अंतरावर जग संपत होते. माणसे फोन उंच धरून त्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काळ्याचे करडे झाले, करड्याचे दुधी झाले. भाचा घड्याळ पाहून म्हणाला, “मामा, साडेपाच झाले. उगवला असेल.” सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते हसू फार महागात पडले.

सहा वाजून गेल्यावर आम्ही खाली निघालो. त्या खालच्या टेकडीपाशी चहाच्या टपरीवर गाडी थांबली. तिथली माणसे वेगळीच दिसत होती. लग्नघरातून जेवून बाहेर पडलेल्या मंडळींसारखी. एका जपानी मुलाने भाच्याला आपल्या फोनवरची छायाचित्रे दाखवली. कुंड काठोकाठ ढगांनी भरलेले, त्यातून बातोकच्या पन्हळींवर तिरपा केशरी उजेड, ब्रोमोचा पांढरा धूर, आणि मागे सेमेरू, अगदी त्रिकोणी. आणि सूर्य? सूर्य त्या चित्रात नव्हताच. तो डावीकडे, चित्राच्या बाहेर, पूर्वेच्या कडेवर उगवला होता. तिथे सूर्य डोंगरांच्या मधून उगवतच नाही. कड्यावर उभे राहून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला तो उगवतो आणि डोंगर फक्त उजळतात. वीस वर्षे मी ज्या चित्राला लाल पेन्सिल लावीत आलो, तेच पाहायला मी इतका लांब गेलो होतो. हे मला त्या टपरीवर, आल्याचा कढत काढा पिताना, दुसऱ्याच्या फोनवर कळले.

मी ड्रायव्हरकडे पाहिले. तो फडक्याने पुढची काच पुसत होता. ‘सांगितलं होतं ना?’ असे त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हते. मी ते शोधत होतो, कारण ते सापडले असते तर मला त्याच्यावर रागावता आले असते.

वाळूतून ब्रोमोकडे जाताना माझा राग आधी त्याच्यावरच फिरला. याला ठाऊक होते, तर याने ठाम का राहू नये? वैद्य रोग्याच्या मर्जीने औषध देतो का? दाजी म्हणाले, “मास्तर, पोटार्थी माणूस आहे तो. गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाचं भागतं? आमच्या गिरणीतसुद्धा रंगाऱ्याला कळत असतं की हा रंग पहिल्या धुण्याला उतरणार. बायर म्हणतो हाच हवा. रंगारी एकदा सांगतो.” ताई काही बोलली नाही. भावाच्या बाजूने बोलावे की खऱ्याच्या, असा तिला प्रश्न पडला असावा.

ब्रोमोच्या अंगाला अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या चढून आम्ही मुखाच्या काठावर उभे राहिलो. आत गंधकाचा वास, आणि खोल कुठे तरी मोठी भट्टी पेटल्यासारखा अखंड घोष. दर वर्षी कसादा महिन्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास तेंगेर लोक इथे येतात आणि भाजीपाला, फळे, कोंबड्या, बकऱ्या, पैसे या मुखात टाकतात. कथा अशी सांगतात की, रोरो आंतेंग आणि जोको सेगेर हे निपुत्रिक जोडपे होते. त्यांच्या नावांच्या शेवटच्या अक्षरांवरूनच तेंगेर हे नाव झाले. डोंगराच्या देवाने त्यांना पंचवीस मुले दिली, शेवटचे मूल परत द्यायचे या करारावर. वेळ आली तेव्हा आईबापांनी द्यायचे नाकारले, आणि डोंगराने ते ओढून घेतले. या अर्पणाच्या वेळी मुखाच्या आतल्या उतारावर माणसे जाळी घेऊन उभी असतात आणि देवाला टाकलेले वरच्यावर झेलतात. त्यांना कोणी चोर म्हणत नाही. मला ही गोष्ट फार आवडली. देणाऱ्याचे देणे झाले, घेणाऱ्याचे घेणे झाले, आणि देवाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

खाली उतरल्यावर ताई आणि भाचा घोडेवाल्यांपाशी रेंगाळले. मी दाजींना म्हणालो, “त्याला विचारा. मला अजून थांबवायचा प्रयत्न का केला नाही?” दाजींना तो प्रश्न विचारायचा नव्हता. माझ्या भिडेखातर त्यांनी विचारला. तो माणूस बोनेटला टेकून थोडा वेळ गप्प राहिला. मग जे म्हणाला ते दाजींनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितले. तो म्हणाला, मी सांगितले होते. तुम्ही गुरु, तुम्हाला वर जायचे म्हणजे तुमचे काही कारण असेल. आणि धुके कधी कधी फाटतेही. एका वर्षी मी पाहुण्यांना हट्टाने खाली थांबवले, आणि त्या दिवशी वर लख्ख होते. त्यांनी तक्रार केली आणि मला कितीतरी दिवस पाळी मिळाली नाही. तेव्हापासून मी एकदा सांगतो.

एकदा सांगतो. रंगाऱ्याचेही तेच, याचेही तेच.

यावर काय म्हणावे? मला प्रथम आठवला तो आपला सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा सारथी. श्रीकृष्णाने अर्जुनाला अठरा अध्याय समजावले, विश्वरूप दाखवले, भीती घातली, माया केली, आणि अगदी शेवटी काय सांगितले? की या सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला हवे तसे कर. म्हणजे तोही अखेर तेरसेराहच म्हणाला. पण तो अठरा अध्यायांनंतर म्हणाला. जाणणाऱ्याने शेवटी निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवावा, याबद्दल मला शंका नाही. लगाम हिसकावून घेणारा सारथी अर्जुनाला नको होता आणि मलाही नको असता. प्रश्न असा की, सोपवण्यापूर्वी किती बोलावे? जीपवाल्याने एक वाक्य बोलायचे, आणि देवाने अठरा अध्याय? देवाला पाळी चुकण्याची भीती नव्हती, हे एक. आणि समोर युद्ध होते, सूर्योदय नव्हता, हे दुसरे.

हे दुसरे मला महत्त्वाचे वाटते. सूर्योदय हुकला तर कोणाचे काही जात नाही. पण त्याच देशात, सुमात्रा बेटावरच्या मारापी पर्वतावर, ३ डिसेंबर २०२३ रोजी स्फोट झाला तेव्हा पंचाहत्तर गिर्यारोहक वर होते आणि त्यांतले चोवीस मेले. मुखापासून तीन किलोमीटरच्या आत कोणी जाऊ नये, असे ज्वालामुखीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी शास्त्रज्ञांनी आधीपासून सांगून ठेवले होते. तरी चढाईची वाट खुली होती आणि माणसे रीतसर नोंदणी करून वर गेली. न्यूझीलंडजवळच्या व्हाइट आयलंड बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी सत्तेचाळीस माणसे होती, बावीस मेली. त्यांत दाखवायला नेणारे दोन वाटाडेही होते. तिथेही धोक्याची पायरी तीन आठवडे आधी वाढवलेली होती. सांगणाऱ्याने सांगितले होते. ऐकणाऱ्याचे कान तेवढे वर लागलेले होते. माझा कान त्या पहाटे कुठे होता, हे मी वर लिहिलेच आहे. माझ्या हट्टाचे फळ म्हणून मला धुके मिळाले. पण हट्टाची जात तीच. आणि वर जर आगच असती, तर तो माणूस एकदाच सांगून थांबला असता का? मला वाटते, नाही. त्याने किल्ली काढून खिशात घातली असती. धुक्यासाठी एक वाक्य आणि आगीसाठी किल्ली, एवढा हिशेब त्याच्याजवळ असावा, असा माझा त्याच्याविषयी ग्रह झाला आहे. मग माझा हिशेब काय होता?

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबलो, कारण पुढचे लिहावे की नाही याचा निर्णय होईना.

सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत नववीत एक मुलगा होता. त्याच्या वहीत त्रिकोणी डोंगर नव्हते. तो व्हरांड्यात येऊन बसायचा आणि समोरचा डोंगर थरांसकट काढायचा. कुठला थर कुठे खचला आहे, पावसाळ्यात पाणी कुठून उतरते, हे त्याच्या रेषेत दिसायचे. शासकीय रेखाकला परीक्षेत त्याला अ श्रेणी मिळाली. त्याला मुंबईला कलाशाळेत जायचे होते, आणि हे खूळ त्याच्या डोक्यात मीच भरवले होते. त्याचे वडील शाळासमितीवर होते. सज्जन माणूस. एका संध्याकाळी ते माझ्या घरी आले आणि म्हणाले, “सर, तो आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. त्याला एवढंच सांगा की हात बेताचा आहे. बाकी आम्ही बघू.” त्या वेळी माझी नेमणूक कायम व्हायची होती. त्यांनी त्याचा उच्चारसुद्धा केला नाही. मी आतापर्यंत स्वतःला असे सांगत आलो की, बापाची काळजी मला पटली. चित्रकलेवर पोट भरत नाही हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? हे खोटे नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही ती नेमणुकीच्या कागदाच्या विचाराने, हे अधिक खरे आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला बोलावून सांगितले, “हात बरा आहे तुझा, पण तिथं जायचं तर याहून फार वेगळा लागतो.” तो “बरं सर” म्हणाला. पुढे वाणिज्य शाखेला गेला.

जीपवाल्याने एकदा तरी सांगितले. मी त्या बापाला एकदाही सांगितले नाही की तुमच्या मुलाच्या बोटांत काही आहे. उलट जे ठाऊक होते त्याच्या नेमके विरुद्ध बोललो, आणि तेही पैसे मोजणाऱ्याशी नव्हे, तर ज्याने माझ्यावर भरवसा ठेवला त्या मुलाशी. त्या पहाटे मी त्या माणसाच्या तोंडावर जो कुचकेपणा शोधत होतो, तो मला तिथे सापडला नाही यात नवल नाही.

तो मुलगा आता आमच्याच तालुक्याच्या गावी बँकेत असतो. बायको आहे, दोन वर्षांची मुलगी आहे, स्वतःचे घर बांधले. कुठेही भेटला तरी वाकून नमस्कार करतो. मध्यंतरी एकदा चारचौघांत म्हणाला, “सरांनी वेळेवर सांगितलं म्हणून मी मार्गाला लागलो.” त्या दिवशी मी चहा न पिता उठलो.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी काही कामासाठी बँकेत गेलो. गर्दी नव्हती. त्याने मला आत खुर्चीवर बसवले, प्रवासाचे विचारले. मी जीपची हकीकत सांगितली, फोनवरचे धुक्याचे फोटो दाखवले, तो हसला. मी त्याला कड्याची आणि खळग्याची रचना सांगू लागलो, पण शब्दांनी ते जमेना. त्याने पैसे काढायच्या स्लिपेची कोरी बाजू पुढे ओढली आणि माझ्या सांगण्यावरून बॉलपेनने कड्याची रेषा काढली, मग वाळू, मग बातोकच्या पन्हळी. “असं का, सर?” असेच होते. त्याने तो डोंगर पाहिलेला नव्हता.

मी म्हणालो, “तुला नववीत मी एक गोष्ट खोटी सांगितली होती.” आणि सगळे सांगितले, त्याच्या वडिलांचे, माझ्या नेमणुकीचे. त्याचे वडील चार वर्षांपूर्वी वारले आहेत.

तो ऐकत होता. पेनाचे टोपण त्याने दोनदा काढले आणि दोनदा लावले. काउंटरवर एक बाई पासबुक घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहून तो म्हणाला, “आलोच, मावशी.” मग ती स्लिप त्याने उलटी केली, छापील बाजू वर आणली आणि माझ्यापुढे सरकवली.

“सर, किती काढायचेत?” त्याने विचारले.

मी आकडा सांगितला.